वेबसाइटवरून हापूस विकताय? मग एवढं कराच

वेबसाइट काढली म्हणजे ऑर्डरी आपोआप येतात असं नसतं. गिऱ्हाईक मोबाइलवर बघतं, भाव लगेच दिसला पाहिजे, 'रेटसाठी फोन करा' लिहिलंत की ते गेलंच समजा. नुसतं '१ डझन हापूस' नको, फळ किती ग्रॅमचं, बाग कुठली, कच्चं पाठवणार की तयार, पिकायला किती दिवस, सगळं सरळ लिहा आणि फोटो स्वतःच्याच पेटीचा टाका, नेटवरून उचललेला लोकांना बरोबर कळतो. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालंय, तुमची नोंदणी असेल तर तेही दाखवा की.

पिनकोड टाकला की डिलिव्हरीचा खर्च तिथेच दिसू दे, पैसे भरताना अचानक दीडशे रुपये वाढले की माणूस बिथरतो. यूपीआय हवंच, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण पण.

आणि फळ खराब निघालं तर काय, हे ठळक लिहा: २४ तासांत फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. माझ्या मते विक्री इथेच ठरते, कारण समोरच्याला आंब्याचा वास घेऊन बघता येत नाही ना! सीझन संपला तरी साइट बंद नका करू, गिऱ्हाइकांना विचारून त्यांचे नंबर घेऊन ठेवा, पुढच्या मार्चमध्ये पहिला मेसेज त्यांनाच.