रेस अडकते? आधी वायर सोडवून बघा

कुंभार्ली घाट उतरत होतो. वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तरी इंजिन ओरडतच राहिलं. शेजारी बाबा. म्हणाले, "वळणावर रेस कशाला देतोयस?" मी देत नव्हतोच.

असं झालं तर क्लच दाबून न्यूट्रल करा आणि ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा. पंप करू नका. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडा राहिला की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला इंजिनाकडून व्हॅक्यूम पुरेसा मिळत नाही. दोन-तीनदा सोडून दाबलात की पेडल दगडासारखं होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. पण गाडी थांबेपर्यंत किल्ली उपसायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

आमची गाडी 2006ची मारुती 800. चिपळुणातला चार महिन्यांचा पाऊस ती उघड्यावर काढते. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला: अख्खी थ्रॉटल बॉडी बदला. पेडलपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी वायर सोडवूनसुद्धा बघितली नाही. मी गाडी न्यूट्रलमध्ये घरी ढकलत नेली नाही एवढंच. पहिल्या गिअरवर, जीव मुठीत धरून आणली.

सुरुवात पायाशी. मॅट सरकून पेडलखाली गेलीय का बघा. हसू नका, 2009 साली अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या त्या पायाखालच्या मॅटसाठीच.

मॅट ठीक असेल तर इंजिन बंद, गार. एकाने आत बसून पेडल सावकाश दाबायचं-सोडायचं, दुसऱ्याने बोनेटखाली थ्रॉटलची चकती बघायची, म्हणजे वायर ओढून फिरवते ती. पेडल सोडल्यावर ती झटकन मागे यायला हवी. आमची अर्ध्यावर रेंगाळली.

आता मुख्य परीक्षा. वायरचं टोक चकतीच्या खाचेतून काढा. चकती हाताने पुढे फिरवून वायर सैल केली की निघतं. मग चकती बोटाने फिरवून सोडा. स्प्रिंगच्या जोराने ती मागे येऊन 'टक्' असा कोरडा आवाज आला, तर थ्रॉटल निर्दोष, दोष वायरचा किंवा पेडलचा. बंद स्थितीतून उघडताना आधी चिकटून मग सुटत असेल, तर आत काजळी. स्प्रिंगमध्येच दम नसेल तर हाताला लगेच कळतं.

माझ्याकडे वायर आणि काजळी, दोन्ही निघालं. सुटी वायर आवरणातून मागेपुढे ओढली तर एका जागी खरखर. पेडलकडचं टोक चिमटीत धरून पुढे सरकवलं आणि बोटात काहीतरी घुसलं. पिळातला एक तंतू तुटून माशाच्या काट्यासारखा उभा राहिला होता, बाकीचे तांबेरलेले. दाबताना तो आवरणातून बाहेर यायचा, परत जाताना तोंडाशी अडायचा. अशा वायरला तेल पाजून वेळ मारून नेऊ नका, बदला. नवी बसवताना कुठे काटकोनात मोडू नका आणि पेडल सोडल्यावर किंचित ढील राहील अशी ठेवा. अजिबात ढील नसेल तर रेस कायम चढलेली राहते.

काजळीसाठी एअर फिल्टरकडून येणारा रबरी होज काढा. समोर थ्रॉटलची गोल पाकळी दिसेल, चकतीबरोबर फिरून हवेची वाट उघडते-मिटते ती. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या खालच्या भागातून, येणारी तेलकट वाफ तिच्या कडेवर आणि भिंतीवर साचून डांबरासारखी होते. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारा, सरळ आत फवारू नका. सेन्सरपर्यंत जाऊ देऊ नका. पाकळी उघडी धरून दोन्ही बाजूंनी कड पुसा. कोपऱ्यात मऊ टूथब्रश. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही. क्लीनर पटकन पेट घेतो, तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि विडी-सिगरेटवाला मित्र लांब.

पाकळी जिथे टेकते तिथला छोटा स्टॉप स्क्रू दिसला तर हात शिवशिवतो. तो कंपनीतून बसवलेला असतो, हात लावू नका.

नव्या गाड्यांना वायर नसते, पाकळी मोटर फिरवते. तिथे किल्ली चालू असताना बोट घालू नका, मोटरने पाकळी मिटली तर बोट सापडेल. जोर लावला तर आतले गिअर जातात. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना स्कॅनरने आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाने किती फिरायचं ते, पुन्हा शिकवावा लागतो. ते मी करत नाही.

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करताना गाडी धापा टाकते, थोडा धूर सोडते. आमच्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, म्हणून बाबांना आत बसवून पाच-सहा वेळा रेस द्यायला लावली आणि कानाने ऐकली. प्रत्येक वेळी सरळ खाली आली.

जुनी वायर बाबांनी तोंडल्याच्या मांडवाला बांधायला मागितली. त्या काट्यावर पक्कड चालवून दिली.