तिकालला जाताय? या चुका टाळा

ग्वातेमालाच्या जंगलातलं तिकाल, म्हणजे माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष, बघायला जाणारे बहुतेक लोक एकच मोठी चूक करतात: फ्लोरेस गावात आरामात नाश्ता करून निघतात. अंतर 65 किलोमीटर, म्हणजे दीड तासाचा रस्ता. पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. ऊन डोक्यावर, पक्षी गप्प, माकडं सावलीत गुडूप. उरतात ते फक्त दगड. तिकालमध्ये दगडांइतकंच जंगल बघायचं असतं आणि ते सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर जागं असतं. जमलं तर अवशेषांजवळच्या लॉजमध्येच एक रात्र काढा. तिथे वीज ठरावीक तासच असू शकते, त्यामुळे फोन वेळेत चार्ज करून घ्या.

सूर्योदयाच्या तिकिटाबद्दलही गैरसमज असतो. ते वेगळं काढावं लागतं, सोबत गाइड लागतो, आणि भल्या पहाटे खिडकीवर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशीच सोय करा. एवढं करून चौथ्या मंदिरावर (इथली मोठी मंदिरं क्रमांकानेच ओळखतात) चढलात तरी सूर्य दिसेलच असं नाही. बहुतेकदा समोर नुसतं पांढरं धुकं असतं. आमच्या शेजारचा एक जण चिडून उतरून गेला. तो गेल्यावर दहा मिनिटांत धुक्यातून मंदिरांचे माथे वर आले. पण खरी गंमत कानांची आहे. हाउलर माकडं ओरडायला लागली की नवख्याला वाटतं, जॅग्वारच आला. घाबरू नका, तो आवाज दोन-तीन किलोमीटरवरूनही येतो. स्पायडर माकडांच्या फांदीखाली मात्र उभं राहू नका. ती वरून काटक्या टाकतात, आणि कधी कधी काटक्यांपेक्षा वाईट काहीतरी.

कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते, ही हमखास तक्रार. एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत आलं की असं होणारच. लोक रुमालाने पुसत बसतात आणि काच पुन्हा धुरकट होते. निघण्याआधी कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास बाहेर ठेवा. बाहेरच्या हवेइतका गरम झाला की मगच पिशवी उघडा.

आता पाणी. वर्षावन म्हटलं की पाण्याची चिंता नाही, असं वाटतं. पण इथली जमीन चुनखडीची, पडलेलं पाणी झिरपून जातं आणि जवळपास नदी नाही. माया लोकांनी म्हणूनच चौकांना उतार देऊन पावसाचं पाणी मोठ्या तलावांत साठवलं. आपल्या गडांवरची टाकी आठवतात, फक्त इथे अख्खं शहर त्या पाण्यावर जगत होतं. तुम्ही माणशी दोन लिटर तरी घ्या. आत अंतरं मोठी आहेत. प्रवेशापासून मुख्य चौकच वीसेक मिनिटांवर आहे.

जीन्स नको, घामाने ओली झाली की दिवसभर वाळत नाही. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, तेव्हा शेवाळलेल्या चुनखडीवर गुळगुळीत तळव्याचे बूट म्हणजे सरळ आपटायची तयारी.

पहिल्या मंदिरावर चढायला बंदी आहे, रखवालदाराशी हुज्जत घालू नका. 47 मीटर उंचीचं हे मंदिर म्हणजे हसाव चान काविल या राजाची समाधी. 682 मध्ये तो गादीवर आला आणि 695 मध्ये त्याने कलाकमुल या प्रतिस्पर्धी माया शहराच्या बलाढ्य राजाला हरवलं. हे माहीत असलं की खालून बघायलाही मजा येते. चढायचं असेल तर समोरच्या दुसऱ्या मंदिराला लाकडी जिना आहे. आणि गाइडला "इंका लोकांनी बांधलं ना?" असं विचारू नका. इंका पेरूकडचे, तेही कित्येक शतकांनंतरचे.

जेवणाचा डबा चौकात उघडा ठेवलात तर कोआटी नावाचे प्राणी येतील. मुंगसासारखं लांब नाक, शेपटी आभाळाकडे. दिसायला गोड, पण पिशवीची चेन त्यांच्यासाठी अडचण नाही. आमचे केळ्याचे वेफर्स त्यांनी पाकिटासकट नेले.