एक्सेलमध्ये गोवर पसरवून बघा

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या शिकवणीत पोट्ट्यांना साथीचं उदाहरण म्हणून मी गोवरच देतो. आकडे झपाट्यानं चढतात. तीन रकाने करा: धोक्यातले 999, आजारी 1, बरे 0. एक ओळ म्हणजे एक दिवस. नवे रुग्ण = 1.9 × धोक्यातले × आजारी ÷ 1000; 1.9 म्हणजे सगळेच धोक्यात असले तर एक आजारी रोज सरासरी इतक्यांना लागण करतो. नवे रुग्ण धोक्यातल्यांतून वजा करा, आजाऱ्यांत मिळवा. आजाऱ्यांपैकी आठवा हिस्सा रोज 'बरे'त जातो. सूत्र खाली ओढा. शिखराजवळ धोक्यातले उणे होतात बाप्पा, म्हणून नव्या रुग्णांना मिन (MIN) फंक्शनचा लगाम घाला: सूत्राचा आकडा आणि उरलेले धोक्यातले, यांतला लहान आकडा घ्या.

आता लसवाले 900 जण सुरुवातीलाच धोक्यातून काढून 'बरे'त टाका. तरी साथ चढतेच! 940 टाका, विझते. म्हणजे साथ विझायला साधारण 93 टक्के लोकांना संरक्षण हवं. एका डोसनं सगळ्यांनाच संरक्षण मिळत नाही. म्हणून 16 ते 24 महिन्यांतला दुसरा डोस टाळणाऱ्या पालकांपुढे मी हाच तक्ता उघडतो.