संशोधकांनो, कागदपत्रांच्या या चुका टाळा

संशोधन कक्षात अडकून पडलेल्या फायली उघडून पाहिल्या, तर बहुतेक वेळा अडचण विज्ञानाची नसते. विषय चांगला असतो, मुलगी हुशार असते, मार्गदर्शकांना मान असतो, आणि फाईल थांबलेली असते एका तारखेवर. परवानगी मिळायच्या आधीच काम सुरू केलेलं असतं, किंवा केव्हाच रद्द झालेल्या नियमावर बजेट मांडलेलं असतं. नवा संशोधक मूळ परिपत्रक वाचत नाही, सिनिअरला विचारतो. सिनिअर त्याच्या वेळी जे खरं होतं ते मनापासून सांगतो. मग ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतं आणि तोच नियम होऊन बसतो. नागपुरात अशा फायली हाताळण्यात माझी नोकरी गेली आहे, आणि दर वर्षी चुका त्याच येतात.

आधी डेटा, मग परवानगी

या चुकीचा मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण ती दुरुस्त करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका महाविद्यालयातला मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करत होता. आपल्या भागात हा विषय किती गरजेचा आहे हे वेगळं सांगायला नको. मुलगा कष्टाळू. मोटारसायकलवर गावोगाव फिरला, आशाताईंना सोबत घेऊन घरोघरी प्रश्नावल्या भरल्या, बोटातून रक्ताचे थेंब घेतले, सगळं व्यवस्थित संगणकावर चढवलं. शोधनिबंध पाठवला तेव्हा जर्नलने एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मागितली. मग तो अर्ज घेऊन धावत आला. ‘‘भाऊ, मागची तारीख टाकून द्या ना. काम तर पूर्ण झालंच आहे.’’

समितीने नकार दिला, आणि तो योग्यच होता. सिकलसेलचा रिपोर्ट गावात फुटला तर एखाद्या मुलीच्या लग्नाचं बोलणं मोडतं. माहिती कुठे ठेवणार, कोणाला दाखवणार, रिपोर्टमध्ये काही निघालं तर त्या घराला उपचारासाठी कुठे पाठवणार, हे सगळं थेंब घेण्याआधी कोणीतरी त्रयस्थाने तपासायचं असतं. समिती त्यासाठीच आहे. रक्त घेऊन झाल्यावर दिलेल्या मंजुरीने त्या मुलीचं कसलंच रक्षण होत नाही. त्या मुलाला जमवलेला सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला. नव्या मंजुरीसह तो पुन्हा त्याच गावांत गेला, तेव्हा काही घरांनी दार उघडलं नाही. संशोधनाच्या नोंदणीची मुदत तोवर सरतच होती.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पाहणी करणारी समिती किमान सात जणांची असते, आणि आरोग्यविषयक संशोधनासाठीच्या समितीची २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते. आपल्या संस्थेची समिती नोंदलेली आहे का, हे अर्ज करायच्या आधी विचारा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवरची, म्हणजे ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतली, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

‘‘आमची फक्त प्रश्नावली आहे,’’ असं समाजशास्त्राची आणि गृहविज्ञानाची मुलं म्हणतात. प्रश्नावलीत आजार, मासिक पाळी, दारू, कर्ज, घरातली मारहाण असं काही असेल तर समितीकडे जाच. पायलट स्टडीसुद्धा डेटाच आहे. संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. समोरच्याला वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते, आणि तुमचा मित्र त्रयस्थ होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच करायला लावतो. डेटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख शाईने लिहायची. ते पान कोरं असेल तर दुसऱ्या पानावर काही लिहायचं नाही.

जंगलात काम करणाऱ्यांचंही हेच. वन्यजीव विभागाचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये, वन भवनात आहे. त्यामुळे नागपूरच्या मुलांना वाटतं की एका दुपारी जाऊन पत्र आणता येईल. ताडोबा किंवा पेंचमध्ये संशोधनासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी लागते. प्राणी पकडायचा असेल तर कलम १२ लागतं, आणि पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, प्राणी असेल तर विषय केंद्र सरकारपर्यंत जातो. यात महिने जातात. पावसाळ्यानंतर फील्डवर जायचं असेल तर अर्ज आदल्या हिवाळ्यात टाका. उंदीर-सशांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आधी, प्राण्यांची ऑर्डर नंतर.

न झालेला खर्च यूसीत दाखवणं

ही दुसरी चूक मार्चमध्ये होते आणि ती करणारे बहुतेक वेळा अनुभवी लोक असतात.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आपली यूसी, हे सरकारला दिलेलं लेखी वचन आहे की इतके पैसे याच कामावर खर्च झाले. स्वायत्त संस्थांसाठी त्याचा नमुना सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला १२-अ. नियम २३८ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत ती द्यायची असते, पण अनुदानाचा पुढचा हप्ता हवा असेल तर बारा महिने वाट कशाला पाहायची?

एका प्रकल्पात मार्चच्या शेवटी यंत्राची ऑर्डर गेली. पुरवठादाराने प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे बिलाआधीचा अंदाजी कागद, पाठवला, यंत्र यायचं होतं पावसाळ्यात. प्रमुख संशोधकांनी तो प्रोफॉर्मा धरून ती रक्कम खर्च म्हणून दाखवली. ‘‘पैसे तर जाणारच आहेत,’’ असं त्यांचं म्हणणं. ऑर्डर दिलेली रक्कम हा बांधील खर्च, आणि माल येऊन, डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढून, बिल चुकतं झालं की तो झालेला खर्च. खर्चाच्या विवरणपत्रात या दोन्ही रकमा वेगळ्या दाखवायच्या असतात. सनदी लेखापालाच्या तपासणीत बँकेचे आकडे आणि यूसी जुळेनात. निधी देणाऱ्यांनी खुलासा मागितला, खुलाशावर पुन्हा शंका निघाली आणि हप्ता थांबला. या सगळ्याची झळ प्रमुख संशोधकांना लागली नाही. ती लागली प्रकल्पावरच्या जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) मुलीला. ती भाड्याच्या खोलीत राहायची, आणि कित्येक महिने तिला छदाम मिळाला नाही. शेवटी ती प्रकल्प सोडून गेली. तिच्याइतकं नेटकं प्रयोगशाळेचं रजिस्टर मी क्वचित पाहिलं आहे.

जुने लोक इथे चुकतात याला कारण आहे. पूर्वी अनुदान संस्थेच्या खात्यात यायचं, उरलेली रक्कम तिथेच राहायची आणि परवानगी घेऊन पुढच्या वर्षी वापरता यायची. आता केंद्राच्या अनेक योजनांत शून्य शिल्लक खातं असतं आणि पैशांऐवजी खर्चाची मर्यादा मिळते. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. ‘‘एप्रिलमध्ये बघू’’ असं म्हणायला जागाच उरत नाही. ज्या प्रकल्पांचे पैसे अजून बँकेत आहेत त्यांच्यावरचं व्याज हे तुमचं उत्पन्न नव्हे. नियम २३० प्रमाणे हिशेब पूर्ण होताच ते भारत सरकारच्या संचित निधीत भरायचं असतं. व्याजातून टोनर आणणारे लोक मी पाहिले आहेत. रक्कम लहान असते, पण लेखापरीक्षणातला आक्षेप वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

मोठ्या वस्तूची ऑर्डर डिसेंबर संपायच्या आत गेली पाहिजे, असा माझा आग्रह असतो. जानेवारीत आलेल्या इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) मी लाल शाईने तारीख टाकतो, म्हणजे पुढे उशिराचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं हा वाद होत नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लेखा विभागाच्या लेजरशी आपली वही ताडून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण प्राध्यापकांना ते कमीपणाचं वाटतं.

बजेटमधला जुना जीएसटी

सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती. ती १८ जुलै २०२२ पासून बंद झाली. तरीही मित्राचा जुना प्रस्ताव उघडून आकडे उतरवणारे आजही ५ टक्केच धरतात. बहुतेक उपकरणांवर १८ टक्के लागतो. दहा लाखांच्या यंत्रामागे एक लाख तीस हजारांची भोकं पडतात, आणि ती बुजवायला मग रसायनांचा हेड, म्हणजे त्या खर्चाची तरतूद, कापली जाते. कोटेशन नवं घ्या आणि कर वेगळा लिहून मागा.

पुण्याच्या मित्राचं बजेट उतरवत असाल तर घरभाडे भत्ताही तपासा. पुणे एक्स श्रेणीत आहे, नागपूर वाय श्रेणीत, म्हणजे भत्ता कमी.

खरेदीच्या मर्यादा जून २०२५ मध्ये वैज्ञानिक विभाग आणि संशोधन संस्थांसाठी वाढल्या. कोटेशनशिवाय खरेदी २ लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत. ही वाढ तुमच्या संस्थेला आणि तुमच्या निधीला लागू आहे का, हे वित्त अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. आणि मर्यादा कितीही असो, एका ऑर्डरचे तुकडे करून ती चुकवू नका. त्याच वित्तीय नियमांतला नियम १५७ नेमकं हेच मना करतो, आणि एकाच दुकानाची लागोपाठच्या तारखांची तीन बिलं लेखापरीक्षकाला पहिल्या नजरेत दिसतात.

पीएच.डी.वाल्यांसाठी

पीएच.डी.चे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ चे. त्यांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी जास्तीत जास्त दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना वर आणखी दोन वर्षांची सवलत. हे सगळे आकडे प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, कोर्सवर्क संपल्यापासून नाही. २०२२ च्या आधी नोंदणी झालेल्यांना त्यांच्या वेळचे नियम लागू. म्हणून शेजारच्या टेबलवरच्या मुलीला जे लागू आहे ते तुम्हाला असेलच असं नाही.

प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ मध्ये गेली. तुमच्या विद्यापीठाच्या अध्यादेशात ती आहे का, ते स्वतंत्रपणे बघा. आणि ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं छापून पैसे मागणाऱ्या जर्नलला फसू नका. दर्जेदार जर्नलांची ही केअर यादीच यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

प्रबंधाचा मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो हे पाहणाऱ्या साम्य तपासणीतले १० टक्के म्हणजे उचलण्याचा परवाना नव्हे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांत सुधारून आणा, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येणार नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अवतरणं, कायद्यांचा मजकूर यातून वगळला जातो. शब्द फिरवून देणारं सॉफ्टवेअर वापरून टक्के खाली आणणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. त्या वाक्यांचा अर्थ व्हायवात त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही.

मार्गदर्शकांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्रवेशाआधी हे विचारायला मुलं संकोचतात. विचारा. चांगले सर रागावत नाहीत.

परदेशी सहकाऱ्याने ‘सर्वेक्षणासाठी थोडे पैसे’ थेट तुमच्या खात्यात पाठवतो म्हटलं तर थांबा आणि आधी कुलसचिव कार्यालयात एफसीआरएबद्दल, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याबद्दल, विचारा. मातीचे किंवा वनस्पतींचे नमुने त्याच्याकडे पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदाही लागतो, आणि त्यात २०२३ ला झालेले बदल १ एप्रिल २०२४ पासून अमलात आहेत. जुन्या करारनाम्याचा नमुना तसाच वापरू नका.

अर्ज कुठेही द्या, दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ईमेल केला असेल तर त्याची प्रिंट काढून त्याच फाईलला लावा. कक्षातला माणूस बदलला, बदली झाली, फाईल दुसऱ्या कपाटात गेली, तरी त्या शिक्क्यावरून ती शोधून काढता येते.