जिप्सीचं इंजिन तापायचं, ते असं थांबलं

जालन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटांची उघडी गाडी बांधतोय, १९५७ च्या लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर. इंजिन जुन्या मारुती जिप्सीचं, १२९८ सीसी. एप्रिलच्या उन्हात तापमानाचा काटा लगेच लाल पट्ट्यात! रेडिएटर बदलला, पंखा बदलला, फरक शून्य. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उकळत्या पाण्यात टाकला, तर उघडत होता.

मेकॅनिक काकांनी इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा होस (रबरी नळी) चाचपला. गार! म्हणजे आत हवा अडकलेली. गाडीचं नाक बुटकं, त्यामुळं रेडिएटर इंजिनाच्या डोक्यापेक्षा खाली आणि हवा थर्मोस्टॅटपाशी कोंडलेली, म्हणून गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मग सगळ्यांत उंच जागी वेगळी टाकी बसवली. थर्मोस्टॅटपासून तिच्यात बारीक नळी, तिच्या तळापासून पाण्याच्या पंपाकडे जाड नळी, दाबाचं झाकण फक्त टाकीवर. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत.

काल भर दुपारी बांधापर्यंत चार फेऱ्या मारल्या. काटा मध्यावरच. काकांना लगेच फोन केला.