लंडनच्या घरामागच्या बागा पाहायला जाताना

लंडनमधल्या कित्येक घरांमागच्या बागा वर्षातून एखाद-दुसऱ्या दुपारीच लोकांसाठी उघडतात. नॅशनल गार्डन स्कीम या धर्मादाय संस्थेने १९२७ मध्ये हा उपक्रम सुरू केला. तेव्हा तिकीट एक शिलिंग होतं. आजही तिकिटाचे पैसे परिचारिका-सेवा आणि आरोग्य संस्थांना जातात, त्यामुळे घासाघीस नको.

संस्थेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून शोधा. मे-जूनमध्ये सर्वांत जास्त पर्याय मिळतात. तारीख आणि वेळ त्याच दिवशी सकाळी पुन्हा तपासा. ‘बाय अरेंजमेंट’ लिहिलेलं असेल तर आधी मालकांशी बोलून वेळ ठरवावीच लागते; थेट दारात उभं राहू नये. फाटकावर पिवळी पाटी दिसली की जागा बरोबर.

आत वाट बहुधा अरुंद असते. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, कारण वळताना तिच्या धक्क्याने फुलांचे दांडे मोडतात. वाफ्यात पाय नको: लंडनची चिकणमाती ओली असताना तुडवली की दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

माळीकाम करणारे मालक स्वतः तिथेच असतात. झाडाचं नाव, ऊन किती तास, छाटणी कधी, हे जरूर विचारा. इतकी नेमकी माहिती पुस्तकात मिळत नाही. विक्रीची रोपं भारतात न्यायचा विचार मात्र सोडा, त्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.