आयपीच्या निबंध स्पर्धेत उतरताय? या चुका टाळा

दरवर्षी दोन-तीन लॉ कॉलेजं मला बौद्धिक संपदा (आयपी) कायद्याच्या निबंध स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावतात. मेलवर तीस-चाळीस पीडीएफ येतात. वर फक्त क्रमांक असतो, नाव नाही, कॉलेज नाही. कोर्ट आणि ऑफिस आटोपलं की रात्री मी त्या वाचायला घेते. निम्मे निबंध पहिल्या दोन पानांतच मागे पडतात, आणि दरवर्षी त्याच त्या कारणांनी. मला याचं खरंच वाईट वाटतं. मूट कोर्टाला, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याच्या स्पर्धेला, जायचं तर प्रवासखर्च हवा, टीम हवी, फाडफाड इंग्रजी हवं. निबंधाला यातलं काही लागत नाही. लातूरच्या कॉलेजातली मुलगी आणि बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधला मुलगा माझ्यासमोर सारखेच, एक क्रमांक सतरा आणि दुसरा क्रमांक तेवीस. इतकी सरळ संधी कायद्याच्या शिक्षणात फार ठिकाणी मिळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

न वाचलेल्या निकालावर लिहिणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. एका वर्षी औषधांची पेटंट हा विषय होता आणि अडतीस निबंध आले होते. त्यातल्या अकरा जणांनी लिहिलं होतं की २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिस कंपनीचं ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधावरचं पेटंट रद्द केलं. अहो, ते पेटंट भारतात कधी मिळालंच नव्हतं, तर रद्द काय होणार? कंपनीने १९९८ साली चेन्नईत अर्ज केला, तो २००६ मध्ये फेटाळला गेला, आणि तिथून वर चढत चढत प्रकरण सुप्रीम कोर्टात पोहोचलं. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीची अपिलं फेटाळली. अर्ज नाकारणं वेगळं आणि दिलेलं पेटंट रद्द करणं वेगळं. दोन्हींची कलमं वेगळी, पुराव्याचा भार वेगळा. पेटंट कायद्यावर निबंध लिहिणाऱ्याने तरी इथे घोटाळा करू नये.

अकरापैकी सात जणांचं वाक्य शब्दाला शब्द सारखं होतं. शोधलं तर ते नोट्सच्या एका पीडीएफमधून उचललेलं निघालं. कोणीतरी कधीतरी चूक केली आणि बाकीच्यांनी ती जपून पुढे नेली.

निकाल लागल्यावर त्यातल्या एकाचा आयोजकांमार्फत फोन आला. "मॅडम, माझे मार्क कुठे गेले ते कळेल का?" मी विचारलं, "निवाडा वाचला होतास?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मॅडम, केवढा मोठा आहे तो!" मी त्याला सांगितलं, शनिवार-रविवार त्याला दे आणि मग मला फोन कर. रविवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. आवाजच बदललेला होता. "मॅडम, तीस टक्क्यांचा मुद्दा कोर्टाने धरलाय की, नाकारलेला नाही!"

त्याला नेमकी जागा सापडली होती. औषधाचं बीटा स्फटिकरूप शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं, असं कंपनीचं म्हणणं होतं. कोर्टाचा प्रश्न त्याच्या पुढचा होता: जास्त शोषलं गेलं म्हणून रोगावर गुण जास्त आला का, आणि त्याचा पुरावा कुठे आहे? पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाला परिणामकारकता वाढल्याशिवाय पेटंट मिळत नाही; ही परिणामकारकता म्हणजे औषधाच्या बाबतीत उपचारातली परिणामकारकता, असं कोर्टाने सांगितलं. त्याच निकालात शेवटाकडे हेही स्पष्ट लिहिलंय की सुधारित औषधांना पेटंटची दारं सरसकट बंद झाली असा अर्थ कोणी काढू नये. 'या निकालाने एव्हरग्रीनिंग (जुन्या औषधात किरकोळ बदल करून पेटंट लांबवणं) कायमचं संपलं' असं जे ठोकून देतात, त्यांनी ते पान उघडलेलंच नसतं. त्या मुलाला मात्र दोन दिवसांच्या वाचनात पुढच्या वर्षीच्या निबंधाचा प्रश्न मिळाला: शोषण वाढल्यामुळे गुण वाढला हे दाखवायला कंपनीने कोणता पुरावा द्यायला हवा होता? तो निबंध मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा केवळ आवडला म्हणून.

निकाल कसा वाचायचा यावर प्रत्येकाचं मत वेगळं असेल. माझी सवय सांगते. मी प्रिंट काढते आणि दोन पेन्सिली घेते. वकिलांचे युक्तिवाद निळ्याने, कोर्टाचं स्वतःचं म्हणणं लाल रंगाने. आपले निकाल लिहिण्याची पद्धत अशी की आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पानंच्या पानं येतात. घाईत वाचणारा वकिलाचं वाक्य उचलतो आणि 'सुप्रीम कोर्ट म्हणतं' असं लिहून मोकळा होतो. पेन्सिल हातात असली की हे होत नाही. स्क्रीनवर वाचून माझ्याकडून हे कधी नीट झालं नाही, त्यामुळे प्रिंटच्या खर्चाबद्दल माझ्याशी वाद घालू नका.

हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून भागवू नका. हेडनोट संपादक लिहितो, न्यायमूर्ती नव्हे. आयपीच्या विद्यार्थ्याला हे वेगळं सांगायला नको, कारण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक हा खटला तुम्ही कॉपीराइटमध्ये शिकलेला असता. कोर्टाचा निकाल सगळ्यांसाठी खुला, पण संपादकाने डोकं लावून त्यात जी भर घातली ती संपादकाची, हाच तर त्यातला मुद्दा आहे. परीक्षेत हे पाठ लिहायचं आणि तळटीप देताना विसरायचं?

आता एआयने रचलेले खटले. गेल्या दोन वर्षांत हे फारच वाढलंय. मुंबई हायकोर्टाचा म्हणून दिलेला एक निकाल मी रात्री बारापर्यंत शोधत होते. पक्षकारांची नावं खरी वाटणारी, वर्ष बरोबर, खंड आणि पान दोन्ही दिलेलं. त्या पानावर जमिनीच्या वाटणीचा खटला निघाला. न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात २०२३ साली माटा विरुद्ध एव्हियांका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. तुम्हाला दंड होणार नाही, पण निबंध तिथेच बाद होतो, आणि व्हायलाच हवा. जो निकाल स्वतः उघडून पाहिला नाही तो तळटिपेत घालायचा नाही. मी यात कसलीही सवलत देत नाही.

आभाळाएवढा विषय

'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बौद्धिक संपदा: आव्हाने व संधी.' या शीर्षकाचे किती निबंध वाचले याची गणतीच नाही. तीन हजार शब्दांत पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, अमेरिका, युरोप आणि भारत. प्रत्येकाच्या वाट्याला दीड परिच्छेद. सुरुवात १७१० च्या स्टॅट्यूट ऑफ ॲन या इंग्लंडमधल्या जुन्या कॉपीराइट कायद्यापासून आणि शेवट 'सरकारने योग्य पावले उचलावीत' इथे. परीक्षकाला यातून नवीन काय मिळालं?

विषय कसा आवळायचा ते कोल्हापुरी चपलेवरून सांगते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे संताप झाला. त्यानंतरच्या मोसमात माझ्याकडे आलेल्या निबंधांत जवळजवळ प्रत्येक तिसरा त्यावरच होता. बहुतेकांचं पहिलंच वाक्य: प्राडाने जीआय (भौगोलिक मानांकन) कायद्याचं उल्लंघन केलं. राग मलाही आला होता. आमच्या घरी आजोबांच्या पायात आयुष्यभर तीच चप्पल होती, करकर वाजणारी, नवी असताना रात्रभर तेल पाजून ठेवलेली. पण निबंधात रागाला कलम जोडावं लागतं.

भौगोलिक मानांकन मुख्यतः नावाचं आणि त्या नावामागच्या मूळ ठिकाणाचं रक्षण करतं, चपलेच्या आकाराचं नव्हे. प्राडाने त्यांना कोल्हापुरी म्हटलंच नव्हतं, मग उल्लंघन कोणत्या शब्दांत बसतं? आपली नोंदणी भारतापुरती, शो इटलीत. ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २३ मधलं जास्तीचं संरक्षण फक्त वाइन आणि मद्याला, चपलेला नाही. आणि दावा करायचा कोणी? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी. नोंदणीकृत मालक आहेत ती दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. या प्रकरणात दाखल झालेली जनहित याचिका मुंबई हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, ती याच कारणासाठी: दाद मागायची तर नोंदणीकृत मालकांनी मागावी.

यातला कोणताही एक प्रश्न धरा, पूर्ण निबंध होतो. जिल्ह्याच्या एका कॉलेजातल्या मुलीने शेवटचा धरला. जीआय कायद्याच्या कलम २१ प्रमाणे उल्लंघनाविरुद्ध दाद मागायचा हक्क मालकाबरोबर अधिकृत वापरकर्त्यालाही आहे. मग चप्पल बनवणाऱ्या कारागिरांपैकी अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले कोण? ती एका गल्लीत जाऊन सहा कारागिरांशी बोलली. त्यांच्यापैकी एकालाही अशी नोंदणी करता येते हे माहीत नव्हतं. सहा माणसांवरून सगळ्या धंद्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे तिने निबंधात स्वतःहून लिहिलं होतं. मी तिला माझ्याकडचे सगळ्यात जास्त गुण दिले. इंग्रजी साधं होतं, दोन ठिकाणी व्याकरण चुकलं होतं, आणि त्याने काहीही बिघडलं नाही.

इंग्रजीवरून आठवलं. 'हिअरइनाफ्टर' आणि 'इन्टर आलिया' पेरून निबंध वजनदार होत नाही. लिहिण्याआधी आपला मुद्दा घरी आईला किंवा रूम पार्टनरला मराठीत चार वाक्यांत सांगून बघा. सांगताना अडखळलात, तर अडचण इंग्रजीची नाही. मुद्दाच अजून सापडलेला नाही. माझ्या ज्युनियरांकडून मी आजही हे करून घेते.

बाकीच्या चुका थोडक्यात

अमेरिकेतलं 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची मोकळी मुभा, उचलून भारतीय कॉपीराइट कायद्यावर चिकटवू नका. आपल्याकडे 'फेअर डीलिंग' आहे आणि ते कलम ५२ मधल्या ठरावीक कारणांपुरतंच. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्याचा २०१६ चा निकाल तर मुख्यतः कलम ५२(१)(आय) वर, म्हणजे शिक्षक-विद्यार्थ्यांनी अध्यापनासाठी केलेल्या प्रतींवर उभा आहे. तो फेअर यूजचं उदाहरण म्हणून दिलेला दिसला की पुढे वाचायची इच्छा कमी होते.

बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्येच बंद झालं. 'मंडळाने आता लक्ष घालावे' असं लिहू नका.

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये स्वतःचं नाव राहिलं तर गुप्तता मोडते आणि काही ठिकाणी निबंध थेट बाद होतो. नाव काढा, मगच पीडीएफ करा.

शब्दमर्यादेत तळटिपा धरतात की नाही ते नियमात वाचा. लिहिलेलं नसेल तर मेल करून विचारा.

एकच निबंध दोन स्पर्धांना पाठवू नका. आयपीची दुनिया लहान आहे, परीक्षक तेच तेच असतात. मला एकाच महिन्यात एकच निबंध दोनदा आलेला आहे.

सीव्हीवर एक ओळ वाढावी म्हणून आठवड्यात उरकलेला निबंध ओळखू येतो. सहा आठवडे हाताशी नसतील तर ती स्पर्धा सोडा आणि पुढची धरा. मोठ्या निबंधाला इतका वेळ लागतोच, त्याला आडवाट नाही. नोव्हार्टिस खटल्यात प्रा. शमनाद बशीर यांनी कोणत्याही पक्षाकडून नव्हे, तर अभ्यासक म्हणून सुप्रीम कोर्टासमोर आपलं म्हणणं मांडलं होतं. आज त्यांच्या नावाने आयपीची निबंध स्पर्धा होते. कायद्यावर नीट विचार करून लिहिलेलं कुठवर जाऊ शकतं ते यावरून बघा, आणि मग सीव्हीच्या ओळीचा विचार करा.

आपलाच कॉपीराइट न वाचता देऊन टाकणं

कॉपीराइटवर निबंध लिहायचा आणि प्रवेश अर्जातल्या कॉपीराइटच्या अटीवर नजरही टाकायची नाही, हे मला कधीच समजलेलं नाही. अनेक स्पर्धांच्या नियमांत शेवटी एक ओळ असते: आलेल्या सर्व निबंधांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. बक्षीस मिळालेल्यांचे नव्हे, सर्वांचे. माझ्या एका ज्युनियरने विद्यार्थिदशेत अशाच एका अर्जावर सही केली. बक्षीस मिळालं नाही. दोन वर्षांनी तिने तोच निबंध वाढवून एका नियतकालिकाला पाठवला, तो स्वीकारलाही गेला. मग संपादकांनी हक्कांबद्दल लेखी हमी मागितली आणि ती अडकली.

आम्ही दोघी कॉपीराइट कायद्याचं कलम १९ उघडून बसलो. हस्तांतरण लेखी हवं, सही हवी, कोणते हक्क आणि किती काळासाठी ते लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तिच्या अर्जात मुदत नव्हती, म्हणजे अजून तीन वर्षं थांबायचं. कलम ५७ प्रमाणे लेखिका म्हणून नाव तिचंच राहणार होतं, पण छापायचा हक्क तिच्याकडे नव्हता.

म्हणून अर्ज भरण्याआधी आयोजकांना दोन ओळींचा मेल टाका: हक्क हस्तांतरित न करता फक्त प्रकाशनाचा परवाना दिला तर चालेल का? माझ्या अनुभवात बरेच आयोजक लगेच हो म्हणतात, कारण ती ओळ त्यांनीही कुठून तरी जशीच्या तशी उचललेली असते. ज्युनियरच्या वेळी आम्ही आयोजकांना पत्र लिहिलं, दोनदा आठवण केली, आणि चार महिन्यांनी त्यांचं एका ओळीचं परवानगीपत्र आलं. तोपर्यंत नियतकालिकाचा तो अंक निघून गेला होता. लेख त्याच्या पुढच्या अंकात आला.